शेवटच्या नळाची पोरं

काकांनी मला गोलकीपर केलं ते माझा खेळ बघून नव्हे, आमच्या घरचा नळ बघून.

मी तेव्हा आठवीत होतो आणि स्वतःला मोठा फॉरवर्ड समजत होतो. तालमीच्या फुटबॉल टीमच्या निवडीला पेठेतली झाडून सगळी पोरं आली होती. काका एकेकाला समोर उभं करून दोनच प्रश्न विचारत होते, घर कुठलं आणि पाणी किती वाजता येतं. मी गल्ली सांगितली आणि म्हणालो, "सहाला सोडत्यात, पण आमच्याकडं साडेसातला येतंय. तेबी करंगळीएवढं."

काकांनी माझ्याकडं नीट बघितलं. "शेवटचा नळ," ते म्हणाले. "घरात एक तांब्या पाणी सांडलं तर आई काय करती?"

"मारती."

"मग तू गोलीला," काका म्हणाले आणि पुढच्या पोराकडं वळले. मी रडत घरी गेलो. पुढं बारा वर्षं मी तालमीचा गोलकीपर होतो, आणि खोटं कशाला बोलू, चांगला होतो.

काका माझे सख्खे नव्हेत, सगळ्या पेठेचे; तालमीचे कोच, आणि पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो, तो छातीएवढ्या उंच लोखंडी चावीनं फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. सकाळी चावी आणि संध्याकाळी तालमीचा फुटबॉल, याशिवाय तिसरी गोष्ट त्यांना येत नव्हती. पेठेतल्या कुठल्या घरात पाणी कधी येतं, किती जोरानं येतं, हे त्या घरातल्या माणसांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. त्यांचं सगळं फुटबॉलचं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं होतं. शेवटच्या नळाची पोरं मागं, बचावाला, कारण त्यांना वाट बघायची सवय असते आणि आलेलं हातचं जाऊ द्यायची नसते. पहिल्या नळाची पोरं पुढं, कारण त्यांनी कधी कमी बघितलेलंच नसतं, ती बिनधास्त मारतात. आणि मधल्या नळाची मधे. त्यांचं स्वतःचं भरून झालं की ती शेजारच्याला पाइप देतात, म्हणून पास त्यांनाच जमतो. बाहेरची माणसं हे ऐकून हसायची. आमच्या तालमीच्या कपाटातले कप बघितले की जरा कमी हसायची.

मला ते कधी नावानं हाक मारत नसत. मी 'गोली'. माझ्या लग्नात आहेर देताना बायकोला म्हणाले, "गोलीला सांभाळ, कमी बोलतोय पण पडतोय चांगला." ती बिचारी नवी, तिला वाटलं मला फिट येते. पोरगी झाली तेव्हा बघायला आले आणि तिची पावलं हातात धरून म्हणाले, "ही गोलीची दिसत न्हाय, ही फॉरवर्ड हाय." खेळणं सुटून मी लेथचं वर्कशॉप टाकलं, तालमीचा सेक्रेटरी झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी भर रस्त्यात हाक यायची ती 'ए गोली' अशीच. मला ती आवडायची. आज सांगायला हरकत नाही, ती हाक ऐकू यावी म्हणून मी कधी कधी मुद्दाम त्यांच्या घरावरून जायचो.

आणि याच माणसाला कोचपणावरून बाजूला करायचं काम शेवटी माझ्यावर आलं. ते मी कसं केलं, तेच सांगायला बसलोय.

मॅच चालू असताना काका कधी बसले नाहीत. चावी जमिनीत रोवून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते रेषेबाहेर उभे असायचे. पुढं स्टेडियमवाल्यांनी लोखंड आत नेऊ दिलं नाही, तेव्हा ते छत्री घेऊन यायला लागले. भर उन्हाळ्यात मिटलेली छत्री. आपल्या टीमनं गोल केला की सगळं मैदान उठून नाचायचं, आणि काका पाठ फिरवून चष्मा पुसत राहायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गोल झाला की सगळी ढिली पडत्यात. पाइप त्याच येळेला फुटतोय." चष्मा पुसून झाला की ते ओरडायचे, ते फक्त बॅकवर.

हरल्यावरची त्यांची एक रीत होती. आमच्या पेठेकडं यायला मागची एक गल्ली आहे, शांत, कुणाच्या नजरेला न पडता घरी पोचवणारी. हरलेली टीम तिकडून जायची नाही. ज्यांनी हरवलं त्यांच्या पेठेतून, मोठ्या रस्त्यानं, मधोमध, अंगावरची जर्सी न काढता चालत यायचं. मान वर आणि तोंड बंद. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या, आरडाओरडा, कुणी फटाक्याची माळ लावायचं. काका सगळ्यांत पुढं, छत्री टेकत. "हरलोय, चोरी केल्याली न्हाय," एवढंच म्हणायचे. त्या रस्त्यानं मी दहा-बारा वेळा तरी चाललो असेन. आयुष्यात जे काही थोडं धैर्य मी कमावलं असेल ते तिथलं, असं मला वाटायचं.

माझे वडील गेले तो आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस नव्हता. घर माणसांनी भरलेलं, आंघोळी व्हायच्या होत्या, आई रडायची थांबून घागरी मोजत होती. आणि भर दुपारी नळाला पाणी आलं, तेही मनगटाएवढं. तसं पाणी आमच्या नळाला मी जन्मात बघितलं नव्हतं. काकांनी वरच्या तीन गल्ल्या बंद करून ते आमच्याकडं वळवलं होतं. त्यापायी त्यांना मेमो मिळाला, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याच चावीवाल्याकडून कळलं. काकांनी आमच्या घरी पाऊल टाकलं ते तेराव्याला, आणि तेव्हाही पाण्याचा विषय काढला नाही.

आता तालमीच्या विड्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी.

आमच्याकडं कोच नेमत नाहीत. सीझनच्या आधी एका शनिवारी सकाळी तालमीतल्या मारुतीपुढं पितळी ताटात पानाचा विडा आणि शिट्टी ठेवतात. सगळी पेठ जमते. कुणी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला टीमचं ओझं घ्यायचं असेल तो उठून विडा उचलतो, शिट्टी गळ्यात घालतो, झालं. विड्यातली सुपारी त्यानं सीझनभर खिशात ठेवायची आणि शेवटच्या मॅचनंतर मारुतीपुढं परत ठेवायची. उचललेला विडा कुणी काढून घ्यायचा नसतो. गेली कित्येक वर्षं काकाच उठत होते, आणि दुसरं कुणी उठावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

मग आम्ही हरायला लागलो. एक वर्ष, दुसरं वर्ष. तिसऱ्या वर्षी खालच्या गटात जाता जाता कसेबसे वाचलो. चांगली पोरं दुसऱ्या तालमींकडं गेली. बाकीच्या संघांकडं लायसन्सवाले कोच आले, त्यांच्या हातात लॅपटॉप, आणि आमचे काका नव्या पोरांना अजून विचारत होते, पाणी किती वाजता येतं. एका पोरानं सांगितलं, "चोवीस तास येतंय की काका, टाकी हाय." सगळी हसली. काकाही हसले, पण नंतर त्या पोराला कुठं खेळवायचं ते त्यांना ठरवता येईना. सीझनभर त्याच्या जागा बदलत राहिले.

कमिटी बसली. आमच्या अध्यक्षांचं मंगल कार्यालय आहे, माइक नसला तरी त्यांचा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत जातो. ते म्हणाले, "भावना बाजूला ठेवा. औंदा खाली गेलो तर परत वर यायला दहा वर्षं लागतील. कागलचा एक पोरगा हाय, लायसन्सवाला. मी बोललोय. यायला तयार हाय." कुणी नाही म्हणालं नाही. मीही नाही. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, हे लिहून ठेवतो. प्रश्न एवढाच राहिला की काकांना आधी सांगायला हवं, म्हणजे ते विड्याला उठणार नाहीत. अध्यक्षांचा आवाज इथं एकदम बारीक झाला. म्हणाले, "गोली, तू सांग. तुला पोरागत मानत्यात."

मी तीनदा त्यांच्या घरी गेलो.

पहिल्यांदा काकींनी दारातच "बस, धपाटी लावल्यात" म्हणून बसवलं. काका पाण्याच्या जुन्या बिलांच्या पाठीवर टीम मांडत होते. मी धपाटी खाल्ली, दही खाल्लं, ताक प्यालो आणि परत आलो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काका अंगणात एकटेच होते. मी विषय काढायच्या आधी तेच बोलले. "गोली, एक सांगू का? मला आता पोरं कळंनात झाल्यात."

ते अंगणातल्या नळाकडं बघत पुढं बोलले.

"समद्यांनी टाक्या बांधल्या, मोटरी बसवल्या. पहिला नळ कुठला, शेवटचा कुठला, काय उरलंच न्हाय. पोराकडं बघितलं की पयलं कळायचं, ह्यो थांबंल, ह्यो पळंल. आता समदी सारखीच दिसत्यात."

याहून चांगली वेळ कुठली? त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, काका, मग औंदा दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. ते हो म्हणाले असते. कदाचित त्यांना हलकंच वाटलं असतं. आणि मी म्हणालो काय? "न्हाय हो काका, तुमच्याएवढं कुणाला कळतंय?" हे वाक्य मी का बोललो, ते मी स्वतःला आजवर हजारदा विचारलंय. त्यांच्यावर माया होती म्हणून, असं सांगायला बरं वाटतं. पण ते खरं नाही. त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता. त्यांना दुखू नये म्हणून नव्हे, मला बघवणार नाही म्हणून. काका हसले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं आलास."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काकी विड्यासाठी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करत होत्या. मी उंबऱ्यावरूनच परतलो.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "सांगितलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "घातलंय कानावर." मनात होतं, सकाळी लवकर जाऊन सांगू.

शनिवारी सकाळी वर्कशॉपमध्ये एक तातडीचं काम निघालं. खरं म्हणजे मी ते काढलं. तालमीत पोचलो तेव्हा सगळे जमले होते. कागलचा पोरगा पहिल्या रांगेत बसला होता, तिशीतला, फाइल मांडीवर, मान खाली. त्याला सांगण्यात आलं होतं की म्हाताऱ्या कोचशी सगळं बोलणं झालंय आणि ते आनंदानं आशीर्वाद द्यायला येतायत. काका आले, पांढरा शर्ट, कपाळाला अबीर. लोकांनी वाट करून दिली. सगळ्यांना वाटलं, आता ते विडा उचलून त्या पोराच्या हातात देणार. अध्यक्षांचे तर डोळे भरून आले होते.

काकांनी मारुतीला हात जोडले, विडा उचलला आणि शिट्टी आपल्याच गळ्यात घातली.

तालमीतली सगळी माणसं मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. काकांनीही बघितलं, मग त्या फाइलवाल्या अनोळखी पोराकडं बघितलं आणि मला विचारलं, "गोली, हे पावणं कोण?"

मी म्हणालो, "कागलचे आहेत काका. तुमच्या हाताखाली शिकायला आलेत."

काकांच्या तोंडावर बोललेलं हे माझं दुसरं खोटं, आणि पहिल्यापेक्षा हलकट. काकांच्या आयुष्यात त्यांच्याकडं शिकायला कुणी बाहेरगावचा माणूस आला नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी त्या पोराला हाताला धरून मैदानावर नेलं आणि दुपारपर्यंत त्याला एकेक पोरगं समजावून सांगितलं. कुणाचा गुडघा दुखतो पण तो सांगत नाही, कुणाला बापाची हाक ऐकू आली की खेळ सुटतो, कुणाला शिव्या द्यायच्या, कुणाला नाही. तो पोरगा लिहून घेत होता. परत आल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "साहेब, ह्यांना कुणी काय सांगितल्यालं न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो. "दोन दिवस द्या."

दोन दिवसांचे पंधरा झाले. लीगच्या कागदावर कागलच्या पोराचं नाव लागलं. ते सगळ्या पेठेला ठाऊक, टीमला ठाऊक, चहाच्या गाड्यावाल्याला ठाऊक. एका माणसाला सोडून. आणि त्याला सांगणार कोण, तर मी. अध्यक्ष मला टाळायला लागले. टीमची पोरं काकांशी जास्तच आदरानं वागायला लागली. काकांना त्याचं नवल वाटायचं. "औंदाची पोरं गुणाची हाईत," ते म्हणायचे. तो कागलचा पोरगा रोज संध्याकाळी त्यांच्यामागं वही घेऊन चालायचा आणि माझ्याकडं बघायचं टाळायचा.

पहिली मॅच. स्टेडियमच्या आतल्या गेटवर यादी घेऊन एक पोरगा उभा होता, दुसऱ्या तालमीचा, सभ्य. टीम आत गेली. कागलचा पोरगा गळ्यात कार्ड घालून काकांना आधी जाऊ द्यायचं म्हणून थांबला. काका छत्री टेकत पुढं झाले.

"काका, तुमचं नाव दिसंना की," यादीवाला पोरगा म्हणाला.

"बघ नीट. चावीवाले म्हणून असंल."

त्यानं परत बघितलं. मग ओशाळून यादीच काकांच्या हातात दिली. यादी माझ्या अक्षरात होती. काकांच्या टीमची यादी आजवर मीच लिहीत आलोय, तालमीत त्यांना एवढं ओळखीचं दुसरं अक्षर नव्हतं. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, शांतपणे, चष्मा वर करून. मागं माणसं थांबली होती. मग त्यांनी मला विचारलं, "कवा ठरलं?"

"विड्याच्या आधी."

"तू घरी आलतास, ते?"

"तेच सांगायला आलतो."

"तिन्ही येळंला?"

मी मान हलवली.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून आलो होतो. काका एवढंच म्हणाले, "एकदा बोलला असतास तर मी उठलोच नसतो की. माझं मला कळत हुतं. तुला सांगितलंबी हुतं." मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून कागलच्या पोराच्या गळ्यात घातली. खिशातून रुमालाची गाठ काढली, सोडली, आणि सुपारी त्याच्या हातावर ठेवली. "शेवटच्या मॅचनंतर मारुतीपुढं ठेवायची. इसरू नको." तो पोरगा रडत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, "जा आत, पोरं थांबल्यात," म्हणाले आणि मागं फिरले.

ते रिक्षानं गेले नाहीत. मागच्या गल्लीनंही गेले नाहीत. त्या दिवशी ज्यांच्याशी मॅच होती त्यांच्या पेठेतून, मोठ्या रस्त्यानं, मधोमध, छत्री टेकत गेले. सगळी पेठ मैदानावर आलेली, रस्ता मोकळा होता. मी गेटवरून त्यांना वळणापर्यंत बघितलं. मान वर होती.

आम्ही त्या सीझनला वाचलो. शेवटच्या मॅचला बरोबरी पुरेशी होती आणि बरोबरी झाली. पेठेत गुलाल उधळला, अध्यक्षांनी भाषण केलं. कागलच्या पोरानं गुलाल लावून घेतला नाही. सुपारी मारुतीपुढं ठेवली आणि मला म्हणाला, "काकांनी सांगितल्याल्या ह्या वहीबाहेर जाऊन मी एक पोरगं खेळवल्यालं न्हाय." तो आता दर रविवारी काकांकडं जातो. काका त्याला घरातल्यासारखं वागवतात, काकी धपाटी करतात. माझं एक खोटं असं खरं झालं, पण त्यात माझी काही कमाई नाही.

मी काकांकडं गेलेलो नाही. सुरुवातीला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. नंतर त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. वर्कशॉपला जायला मी आता मागची गल्ली वापरतो. ज्या माणसानं मला हरल्यावर मोठ्या रस्त्यानं चालायला शिकवलं, त्याच्यापासून लपायला मी ती गल्ली वापरतो, हे मला रोज कळतं, आणि मी रोज तिकडूनच जातो.

परवा मंडईच्या कोपऱ्यावर ते अचानक समोर आले. सुटकेला वाट नव्हती. काका भाजीवालीला सांगत होते की तिच्या घराजवळचा व्हॉल्व्ह कुठल्या साली बसवला आणि तो बसवताना कोण खड्ड्यात पडलं. वर्षासकट, नावासकट, हसत. डोकं लख्ख, आवाज तोच. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. मी सरळ झालो. काकांनी चष्म्यातून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांनी मला ओळखलं, यात मला तीळभर शंका नाही. आणि अगदी आदरानं, वाटेत भेटलेल्या कुठल्याही माणसाला विचारतात तसं, त्यांनी विचारलं, "घर कुठलं म्हणायचं, पावणं?"

मी गल्ली सांगितली. काकांनी मान हलवली आणि ते कोथिंबिरीची जुडी निवडू लागले.